साधी खबर

वरचा मळा, टेंभुर्णी शिवार
१४ सप्टेंबर २००२

चि. बद्रीनाथ यास सगुणाअक्काचा आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल हाओत असं आधी लिवून टाकते, कारण पुढं भांडायचं हाये.

गावातला कचरू परवा मळ्यात आल्ता. म्हणला, पोळ्याच्या आठ दिस आधी तू टेंभुर्णीच्या स्टँडवर सकाळी सकाळी चहा पीत होता. सरकारी ट्रक होता, मागं ताडपत्री बांधलेली. त्यानं हाक मारली तर तू तोंड फिरवलं अन् गाडीत जाऊन बसला. बद्री, स्टँडपासून माझा मळा दोन कोस. तू ड्रायव्हर माणूस, जनावरं धरायच्या गाडीवर हायेस, कुठंबी जावं लागतं, हे मला कळतं. पण बहिणीच्या गावात चहा पिऊन गेला अन् दारात आला न्हाईस? सासूबाईंनी ते ऐकलं अन् दिवसभर मला ऐकवलं. मी तुझी बाजू घेतली. म्हणलं, कचरूची नजर अधू हाये. आता तू सांग, अधू कोणाची?

दुसरं म्हंजे आपला काळ्या कुत्रा गेला. ओसरीच्या खांबाला साखळी तशीच, पट्टा तुटलेला, अन् मातीत ओढत नेल्याची रेघ उसापर्यंत. ह्यांनी उसाच्या चार सऱ्या आत जाऊन बघितलं, काही सापडलं न्हाई. शेजारचे चांदपाशाभाई म्हणत्यात तडस असंल. त्यांनी त्यांच्या बकऱ्यांच्या वाड्याला बाभळीच्या फांद्या लावल्या. तुला जनावरातलं कळतं. तडस बांधलेलं कुत्रं नेतं का?

टेंभुर्णीतून फोन करायचा तर मागं चार माणसं कान देऊन उभी असत्यात. म्हणून पत्र.

तुझी अक्का, सगुणा


२५ सप्टेंबर २००२

ती. अक्का,

तुझं पत्र मिळालं. कचरूला भास झाला. सरकारी ट्रक सगळे एकाच रंगाचे असतात अन् माझ्यासारखे काळे ड्रायव्हर बी गल्लोगल्ली आहेत. मी त्या आठवड्यात इथंच होतो. टेंभुर्णीला आलो असतो तर तुझ्या हातची भाकर खाल्ल्याबिगर गेलो असतो का?

काळ्याचं वाईट वाटलं. तडसच असंल. तरी दोन गोष्टी मला जल्दी कळव. पायाचे ठसे दिसले असतील तर त्यात नखं उमटली होती का? तडसाची उमटतात. अन् रेघ उसात कोणत्या बाजूनं गेली, डोंगराकडच्या का नदीकडच्या?

विचारून ठेवतो, बाकी काही नाही. लहान कुत्रं नवं आणू नका सध्या. सांजच्याला एकटी मोटर बंद करायला जाऊ नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा बद्री


२० ऑक्टोबर २००२

चि. बद्री,

तडस न्हाई. मी बघितलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिस बुडायच्या आधी. ऊन अजून शेंड्यावर होतं. मी कापसातून वळून पाटावर आले, हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा. पाटाच्या पलीकडं काहीतरी पाणी पीत होतं. मला वाटलं चांदपाशाभाईंची बकरी सुटली. तेवढ्यात त्यानं मान वर केली.

बद्री, अंगावर ठिपके. डोळे माझ्यावर. मी भारा टाकला न्हाई, वरडले न्हाई, पळाले न्हाई. माझ्यात काही उरलंच न्हवतं पळायला. ते जराही घाबरलं न्हाई. पुन्हा खाली मान घालून पाणी प्यालं, मंग वळून उसात गेलं, जसा घरधनी आपल्या घरात जातो तसं. जाताना शेपूट दिसली. तोकडी. टोकाला वीतभर कोणी कोयत्यानं छाटावी तशी.

घरी कशी आले ठावं न्हाई. ओसरीवर बसले तरी भारा डोक्यावरच होता. ह्यांनी काढून घेतला.

तवापासून चांदपाशाभाईंच्या दोन बकऱ्या गेल्या. तालुक्याहून जंगल खात्याची दोन माणसं आली, ठसे बघितले, म्हणले वाघरू म्हंजे बिबट्या या भागात नसतोच, तुमाला भास झाला असंल. तू बी कचरूबद्दल तसंच लिवलंतं. सगळ्यांना भासच कसे होत्यात?

भाकरी थापताना दाराकडं पाठ करवत न्हाई. चूल फिरवून घेतली, आता दाराकडं तोंड करून बसते. उसाचं पान हललं की हात थांबतो. बारा वर्सं या उसाशेजारी राह्यले, कधी त्याच्याकडं असं बघितलं न्हवतं.

तू सांग काय करावं.

सगुणा


२८ ऑक्टोबर २००२

ती. अक्का,

हे पत्र एकदा वाचून ठेवून देऊ नकोस. दाजींना वाचून दाखव, चांदपाशाभाईंना बी.

ती मादी असंल. मादीच असंल. तिच्याकडं पाठ करून पळायचं नाही. दिसली तर उभं राहायचं, हात वर करायचे, मोठ्यानं बोलायचं, मागं मागं सरकायचं. उभ्या माणसाला ती भिते. वाकलेल्याला भित नाही. म्हणून उसाच्या कडेला खाली बसायचं नाही, वाकून गवत कापायचं नाही, बायांनी परसाकडंला एकटं जायचं नाही. बकऱ्या वरून झाकलेल्या जागेत घ्यायच्या, नुसत्या कुडाचा उपयोग नाही, ती उडी घेते. मेलेलं जनावर मळ्याजवळ टाकायचं नाही.

अन् अक्का, माझं एवढं ऐक. दिवाळीपर्यंत तरी मळा सोडून गावातल्या घरात राहायला जा. सासूबाईंना घेऊन जा. मी हात जोडतो.

तुझा बद्री


१२ नोव्हेंबर २००२

चि. बद्री,

दिवाळी झाली. आम्ही मळ्यातच हाओत. कापूस फुटून राह्यला, वेचायला बाया मिळून न्हाई राह्यल्या, सगळ्याजणी या बाजूला यायला भित्यात. आपण बी गेलो तर कापूस मातीत जाईल. सासूबाई म्हणत्यात, मी या मळ्यात नवरीची आले, वाघरासाठी उठणार न्हाई.

तुझं पत्र मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. चांदपाशाभाई अन् त्यांच्या घरच्या बदरूभाभी ऐकायला आल्ते. तुला बदरूभाभी आठवत असतील, बदरुन्निसा, माझ्या लग्नात ज्यांनी तुला शेवया खाऊ घातल्या. चांदपाशाभाई म्हणले, "बाई, तुमचा भाऊ त्या जनावराला वळखत असल्यासारखा लिवतो." मला अभिमान वाटला. भाभी हसल्या. म्हणल्या, "वाकायचं न्हाई तर गवत काय उभ्यानं दातानं तोडायचं?" सगळेच हसलो. महिन्यात पहिल्यांदा हसलो.

बकऱ्यांवर जाळी टाकली. मी कमरेला पितळी घंटी बांधून फिरते, बैलाची. सासूबाई म्हणत्यात, गाय आली का सून आली कळत न्हाई.

मादी हे तुला कसं कळलं रे, मी तर लिवलं न्हवतं?

सगुणा


(पोस्टकार्ड)
टेंभुर्णी, ३ डिसेंबर २००२

श्री. बद्रीनाथ यांस काकासाहेबाचा नमस्कार. सगुणाला लिहवत नाही म्हणून मी लिहितो. चांदपाशाच्या घरच्या बदरुन्निसा गेल्या. ३० तारखेला दुपारी चारच्या सुमारास बांधावर गवत कापत होत्या. सगुणा पन्नास पावलांवर कापसात होती. आवाज झाला म्हणून ती धावली, तिनं विळा फेकला, जनावर सोडून गेलं. जालन्याला नेलं, दोन दिवस होत्या. मानेची जखम होती. काल माती झाली. सगुणा जेवत नाही. तुम्ही येऊ नका, रस्त्यानं माणसं चिडलेली आहेत अन् सरकारी माणूस दिसला की अंगावर जातात. काकासाहेब.


१० डिसेंबर २००२

ती. अक्का,

दाजींचं कार्ड मिळालं. चार दिवस पत्र लिहितोय अन् फाडतोय.

कचरूची नजर अधू नाही. तो मीच होतो.

ताडपत्रीखाली पिंजरा होता, पिंजऱ्यात ती होती. आमच्याकडच्या उसात धरली होती. इथं लोकांनी मोर्चे काढले, जनावर न्या म्हणून. साहेब म्हणले, लांब डोंगरात नेऊन सोडा, कोणाला सांगू नका, सांगितलं तर तिकडचे लोक सोडू देणार नाहीत. कागदावर डोंगराचं नाव होतं. तुमच्या उत्तरेचा डोंगर. मी ते वाचलं अन् मला तुझा मळा दिसला. मी तोंड उघडलं नाही. नोकरीत बारा वर्षं झाली अक्का, साहेबासमोर तोंड उघडायची सवयच राहिली नाही.

पिंजरा चढवताना तिची शेपूट दारात सापडली. वीतभर तुटली. रक्त थांबेपर्यंत मीच पाणी मारत होतो. म्हणून तुझं ते पत्र वाचलं तेव्हा मला कळलं. मी डेपोत उभा होतो, खाली बसलो.

पहाटे डोंगरात दार उघडलं. ती लगेच निघेना. कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मग काठीनं ढकलली. ती उसात जन्मलेली, उसात वाढलेली. तिला डोंगर म्हणजे परगाव. ऊस शोधत खाली येणार, हे मला तेव्हाच कळायला पायजे होतं. कदाचित कळलं बी होतं. येताना स्टँडवर चहा घेतला. कचरूनं हाक मारली. तुझ्या दारात आलो असतो तर तू विचारलं असतंस, गाडीत काय होतं रे. तुला खोटं बोलता आलं नसतं, म्हणून आलो नाही. अन् मग पत्रातून खोटं बोललोच.

कचरूला भास झाला असं लिहिण्याऐवजी खरं लिहिलं असतं तर सप्टेंबरातच सगळं शिवार सावध झालं असतं. भाभी हसल्या नसत्या. मी सगळं सांगितलं, कसं उभं राहायचं, कसं बोलायचं. एवढंच नाही सांगितलं की मला हे खात्रीनं माहीत आहे.

तू काय म्हणशील ते खरं.

बद्री


५ जानेवारी २००३

अक्का,

उत्तर दे. शिव्या दे, पण दे. दाजींनी पत्र तुला दिलं का नाही ते तरी कळव.

बद्री


१९ जानेवारी २००३

बद्रीनाथ,

पत्र मला मिळालंतं. मी ते चुलीत घालायला नेलं अन् घातलं न्हाई. पिठाच्या डब्यात ठेवलं. रोज भाकरीच्या वक्ताला ते हाताला लागतं.

मी पन्नास पावलांवर होते. तुला ठावं हाये का पन्नास पावलं किती असत्यात? कापसाच्या तीस सऱ्या. मी धावले तवा ती भाभींच्या पाठीवर होती अन् भाभी आवाज काढून न्हवत्या राह्यल्या. माझ्याकडं बघत होत्या. मी विळा फेकला, तो लागला बी न्हाई. नुसती घंटी वाजली माझ्या कमरेची, त्यानं ती पळाली. तवापासून ती घंटी मी बांधत न्हाई. आवाज आला की मला भाभींचे डोळे दिसत्यात.

इथं काय झालं ते ऐक. गावातल्या वसंता अन् देवानंद या दोघांनी मेलेल्या बकरीत पिकावरचं औषध भरून उसाच्या कडेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी देवानंदचीच दोन कुत्री मेली, घारी मेल्या. वाघरू आलंच न्हाई. मंग जिल्ह्याहून पिंजरा आणून लावला. त्यात बकरी महिनाभर वरडून राह्यली. ती पिंजऱ्याभोवती फिरून जाती, ठसे दिसत्यात, आत पाय टाकत न्हाई. सगळे नवल करत्यात. मला नवल वाटलं न्हाई. जी एकदा आत बसून आली ती परत कशाला बसंल. पण हे मी कोणाला सांगू?

ह्यांना सांगितलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. चांदपाशाभाईंना सांगितलेलं न्हाई. रोज ते बांधावरून जात्यात, "बाई, सांभाळून ऱ्हा" म्हणत्यात, अन् मला त्यांच्या तोंडाकडं बघवत न्हाई. तुझं पाप माझ्या ओसरीत येऊन बसलंय.

मी सांगणार न्हाई. तू ये, अन् तू सांग. माझ्या घरी नंतर, आधी त्यांच्या दारात. ते मारतील तर मार खा. आला न्हाईस तर मला पुन्हा पत्र लिवू नको.

सगुणा


१७ मार्च २००३

ती. अक्का,

काल पोहोचलो. एकवीस दिवस तुझ्याकडं राहिलो, रोज तुझ्या हातचं खाल्लं, पण आपण दोघं बोललो किती? मीठ दे, पाणी दे. म्हणून जे बोललो नाही ते लिहितो.

पहिल्या दिवशी तू बांधावरच थांबलीस, मी एकटा चांदपाशाभाईंच्या दारात गेलो. ते बकऱ्यांना शेंगा टाकत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते टाकत राहिले. टोपलं रिकामं झाल्यावर म्हणले,

"गाडीत किती वक्त होती ती?"

"नऊ तास."

"पाणी दिलंतं?"

"दोनदा दिलं."

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "जनावराला दोनदा पाणी दिलं अन् माझ्या घरच्यांना साधी खबर दिली न्हाई."

अक्का, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर मागं सरले. म्हणले, "माफी माझ्याकडं न्हाई. जिच्याकडं होती ती गेली. तू असं कर. सांजच्याला बकऱ्यांचं गवत ती आणायची. आता मला बांधावर वाकवत न्हाई. तू हाये तवर तू आण."

म्हणून मी रोज जायचो. तुला वाटलं असंल मी धीटपणा दाखवतो. मी बारा वर्षांत चाळीस-एक बिबटे बघितले, सगळे गजाच्या पलीकडं. गज नसताना काय असतं ते मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी वाकलो तर मानेवरचे केस उभे. चार मुठी कापल्या अन् उठलो. पुन्हा वाकलो, पुन्हा उठलो. एका भाऱ्याला दीड तास लागला. भाभी तो अर्ध्या तासात करायच्या म्हणे.

अकराव्या दिवशी ती आली. हे तुला मी सांगितलं नाही, भाईंनी बी सांगितलं नाही. दिस होता अजून. मी मान वर केली तर उसाच्या तोंडाशी बसलेली, माझ्यापासून गाडीच्या लांबीएवढी. तोंड उघडं, धापत होती. तिच्या मागं एक पिल्लू, मांजराएवढं. मी तुला लिहिलेलं सगळं विसरलो. हात वर कर, मोठ्यानं बोल, काही नाही. नुसता उभा राहिलो, कारण गुडघे वाकेनात. मला वाटलं ती मला ओळखते. काठीनं ढकलणारा हाच, असं तिला माहीत आहे. खरं खोटं देव जाणे. ती उठली, पिल्लाला तोंडात धरलं अन् पाट ओलांडून दुसऱ्या उसात गेली.

भाई बाभळीखाली उभे होते. मला माहीत नव्हतं, पण ते रोज येत होते म्हणे, लांबून बघत. जवळ आले, माझ्या हातातला विळा काढून घेतला. म्हणले, "तू आईला हाका मारून राह्यला होता." मला एक हाक आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याबरोबर यायला लागले. मी वाकायचो, ते उसाकडं तोंड करून काठी घेऊन उभे. मग ते वाकायचे, मी उभा. निघायच्या दिवशी त्यांनी भारा माझ्या डोक्यावरून उतरवून घेतला, एवढंच.

तू स्टँडपर्यंत येशील असं वाटलं नव्हतं. पण आलीस.

बद्री


२२ जून २००३

ती. अक्का,

दहा तारखेला साहेबांनी बोलावलं. इथं पुन्हा एक धरलाय, नर आहे, मोठा. लांब न्यायचा. कागद पुढं सरकवला. डोंगराचं नाव वेगळं, जिल्हा वेगळा, मी कधी गेलो नाही तिकडं.

मी चावी टेबलावर ठेवली. चावीचा आवाज झाला. म्हणलं, "साहेब, तिथल्या लोकांना आधी सांगा, मग मी जातो."

ते म्हणले, "तुझं कोण आहे तिकडं?"

म्हणलं, "माझं कोणी नाही. पण त्या डोंगराखाली कोणाची तरी बहीण नांदत असंल."

त्यांनी कागद मागं ओढला. दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावलं. पिंजरा त्याच दिवशी गेला. माझ्याकडची गाडी काढून घेतली, आता डेपोच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो. चुकलो असं वाटत नाही, पण उपयोग काय झाला? जनावर गेलंच.

त्या ड्रायव्हरला चहा पाजून विचारलं. डोंगराखाली पाच गावं आहेत. नावं, तालुका, सगळं या पत्राच्या मागं लिहिलंय. मी त्या गावांना चार ओळी लिहायला बसलो होतो. पण माझं अक्षर ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, गाडीच्या वहीत बारा वर्षांचं आहे. कार्ड फिरत परत इथं आलं तर गेट बी जाईल. मुलींची शाळा आहे. मी पुन्हा भिलो अक्का. खरं ते लिहितो.

बद्री


३० ऑगस्ट २००३

चि. बद्री यास अक्काचा आशीर्वाद.

तू भिलास तर भिलास. माझं अक्षर कोणत्या ऑफिसात ठावं न्हाई अन् मला कोणी नोकरीवरून काढू शकत न्हाई. टेंभुर्णीतून पाच कार्डं आणली. पाची गावांच्या शाळेच्या हेडमास्तरांना लिवलं.

ओसरीवर बसून लिवलं. चांदपाशाभाईंना बोलावलं. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, चावीचं सुद्धा. त्यांनी कार्डं माझ्याकडं सरकवली. मंग म्हणले, "लिवा बाई." मी लिवलं की तुमच्या डोंगरात बिबट्या सोडलेला हाये, अफवा न्हाई, खात्रीची खबर हाये. बकऱ्या झाका. एकट्यानं बांधावर जाऊ नका. एकजण कापंल तवा एकानं उभं राह्यचं. औषध घालू नका, कुत्री मरत्यात. एवढं झाल्यावर ते म्हणले, "आणखी एक लिवा. वाकलेलं माणूस त्याला माणूस दिसत न्हाई. हे आमाला माणूस गेल्यावर समजलं." मी पाची कार्डांवर तसंच लिवलं. खाली कोणाचं नाव टाकायचं म्हणून विचारलं. म्हणले, "तुमचं टाका, माझं टाका. तिचं बी टाका." तसं टाकलं.

चार गावांचं काही आलं न्हाई. पाचव्या गावातून परवा कार्ड आलं. तिथं अंगणवाडीवर एक साळूबाई म्हणून हायेत, त्यांचं. मास्तरांनी खबर शाळेत वाचून दाखवली, लेकरांनी घरोघर सांगितली. आधी लोकांनी थट्टा केली. मंग नाल्यात ठसे दिसले. आता सगळ्यांनी बकऱ्या घरात घेतल्यात, बाया पाच-पाच मिळून रानात जात्यात. अजून माणसाला काही झालेलं न्हाई. शेवटी त्यांनी विचारलंय, "ताई, आम्ही लई घाबरलो आहोत. रात्री झोप नाही. ते जनावर तुमच्याकडं किती दिवस राहिलं अन् मग कुठं गेलं, तेवढं कळवा."

दोन दिवस कार्ड घेऊन बसले. हे म्हणले, "सहा महिन्यांत गेलं असं लिव, तेवढाच बाईला धीर." सासूबाई बी तेच म्हणल्या. मी चांदपाशाभाईंकडं बघितलं. ते बांधाकडं बघत होते, अन् मला कळलं.

मंग मी लिवलं. "साळूबाई, सालभर झालं, ती गेलेली न्हाई. काल सांजच्याला पाटावर बसल्ती, आता पिल्लू तिच्या कमरेएवढं झालंय. भीती बी गेलेली न्हाई, हे लिवताना पाठ भिंतीला लावून बसले हाये. पण काल आम्ही तिघं मिळून गेलो, दोघं उभे राह्यलो, एकानं कापलं, अन् भारा घेऊन तिघंही घरी आलो."

तुझी अक्का,
सगुणा